भाकरीने वजन वाढते काय?



ज्या वऱ्हाडात भाकरी हा शब्द अन्नाचाच पर्याय म्हणून वापरला जातो, तेथे भाकरीवरच आरोप ठेवला जावा, हा काळाचा फरक म्हणावा लागेल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामांवर सुकडी खाऊन दिवस काढले. भाकरी मिळेल की नाही, हाच त्या पिढीपुढील प्रश्न होता. तिच्या नातवंडांना मात्र मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावीही निराळीच शंका भेडसावते : भाकरी, पोळी, पाव खाल्ल्याने वजन वाढते काय?

ही शंका केवळ शहरी हौस म्हणून सोडून देता येत नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील साधारणतः पाचांत एक स्त्री उंचीच्या मानाने कमी वजनाची आहे; आणि त्याहून काहीशा अधिक स्त्रिया जादा वजनाच्या आहेत. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन्ही टोके नांदतात. म्हणून एकीला लागू पडणारा सल्ला दुसरीला अपायकारक ठरू शकतो.

प्रथम धान्याचा हिशेब पाहू गेल्यास ज्वारी, गव्हाची कणीक आणि मैदा यांच्या उष्मांकांत फारसा फरक आढळत नाही. शंभर ग्रॅम पिठातून सुमारे ३२० ते ३५० उष्मांक मिळतात. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे दोनशे उष्मांक. बेकरीच्या पावात पाण्याचा अंश अधिक असल्याने शंभर ग्रॅम पावाचे उष्मांक तर २५० च्या आसपासच भरतात. या आकड्यांवरून पाव निर्दोष ठरावा. परंतु फरक आहे तो कोंड्याचा. ज्वारीत व कणकेत तंतुमय भाग शेकडा दहाच्या आसपास असतो, मैद्यात तो तीनहूनही कमी. भाकरी चावावी लागते, पोट भरल्याची जाणीव लवकर होते. मऊ पाव चहात बुडाला की किती खाल्ले याचे भान राहत नाही.

दुसरी गोष्ट सोबतीची. उकळीच्या पाण्यात पीठ मळून तव्यावर नि निखाऱ्यावर भाजलेल्या भाकरीला तेलाचा थेंबही लागत नाही. पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅमला चार उष्मांक, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला नऊ. भाजीवर तरंगणाऱ्या तर्रीतून पंधरा ग्रॅम तेल पोटात गेले, तर १३५ उष्मांक गेले; त्यांची गणना मात्र कोणी करीत नाही. बेकरीच्या खारीचे पदर सुटतात ते त्यांत घातलेल्या तुपामुळे किंवा वनस्पती तुपामुळे. आणि चहा? कपामागे दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या पाच कपांत दोनशे उष्मांक होतात. ही झाली एक पूर्ण भाकरी, तीही प्रथिने आणि कोंडा यांवाचून. कार्यालयांत भाकरी सोडल्याचे अभिमानाने सांगणारे सद्गृहस्थ पाचवा कप सहसा नाकारीत नाहीत.

तथापि भाकरीला सर्वस्वी निर्दोष ठरविणेही बरोबर नाही. शरीरातील एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोज खर्चापेक्षा केवळ शंभर उष्मांक, म्हणजे अर्धी भाकरी, जास्त झाली, तरी वर्षाकाठी ३६,५०० उष्मांकांची शिल्लक पडते. शरीर त्यातील काही भाग स्वतःच खर्ची टाकते, म्हणून हा हिशेब तंतोतंत उतरत नाही. पण दिशा तीच राहते. पूर्वी पहाटे जात्यावर दळण होई, आडावरून पाणी येई, शेत पायी गाठले जाई. आज गिरणी, नळ, मोटारसायकल आणि मळणीयंत्र आले. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले. ताटातील भाकरींची संख्या मात्र तीच राहिली.

भाकरी सोडताच पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, असा अनुभव अनेक जण सांगतात. तो खोटा नसतो. त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. यकृतात व स्नायूंत साठविलेल्या पिष्टमय इंधनासोबत त्याच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवलेले असते. धान्य बंद होताच तो साठा आटतो आणि पाणी निघून जाते. काटा खाली येतो, चरबी बव्हंशी जागेवरच असते. पुन्हा जेवण सुरू झाले की वजन परतते, आणि दोष पुन्हा भाकरीच्या माथी येतो.

यात खरी हानी होते ती दिवसभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या स्त्रीची. शेजारणीचे पाहून तिने भाकरी कमी केली, आणि तिच्या ताटात वरण, दूध, अंडे आधीच नसेल, तर तिच्याजवळ उरते काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार एकूण उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत असावा. पण त्याचा अर्थ ती जागा डाळी, भाज्या, दूध, फळे यांनी भरून काढावी असा आहे, रिकामी ठेवावी असा नव्हे. सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या तालुक्यात घरची तूर घरच्या वरणातही पडावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने व्यापले, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळच मिळू लागला. भाकरीची जागा पोळीने घेतली, यात आळस कमी आणि व्यवहार अधिक आहे. त्यामुळे पोळीही बिनदिक्कत खावी. कणीक चाळून कोंडा मात्र टाकू नये. मधुमेहाच्या रुग्णांनी धान्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कोणी किती खावे, हे शेजाऱ्याच्या ताटावरून नव्हे, काट्यावरून व फितीवरून ठरते. उंची १५० सेंटिमीटर असेल, तर भारतीयांसाठीच्या निकषाप्रमाणे वजन साधारण ४२ ते ५२ किलोग्रॅम असावे. कमरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये. याला लागणारी फीत गावच्या शिंप्याकडे असते. शिक्षकांनी शाळेत, सदस्यांनी ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीच्या कार्यालयात ही मापे घेण्याची सोय करावी, आणि त्या दिवशीच्या चहात साखर एक चमचाच घालावी.