दारी आलेल्याची राखण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तरी एक विषय फार दिवस मनात आहे, तो साध्या शब्दांत मांडते.

आपले गाव वारीच्या वाटेवरचे. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरपूरला जाते. आलेल्या माणसाला पाणी, भाकरी, ओसरी देणे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग त्याच्या जिवाची राखण हेही आपलेच काम नव्हे काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार होता. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली होती. तेथे भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्यांतले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक असेच अफवेपायी मारले गेले. तेथे तर पोलीस हजर होते. म्हणजे आयत्या वेळच्या मदतीवर विसंबून चालत नाही.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. तेथे १९७० आणि १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. नंतर सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या झाल्या. हिंदू, मुसलमान अशी साधी माणसे पोलिसांबरोबर नेमाने बसत आणि नळाची, वाटेची लहानसहान भांडणे तिथेच मिटवीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. संकट आले तेव्हा माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, हे त्यामागचे मोठे कारण.

भगिनींनो, आपणही एवढे करू या. देऊळ, मशीद, बुद्धविहार, जैन मंदिर, प्रत्येक ठिकाणच्या दोन बायकांची नावे व फोन आपल्या वहीत असावेत. मोबाईलवर भीतीची बातमी आली, तर कोणी पाहिले, कुठे, केव्हा, हे विचारल्यावाचून पुढे धाडू नये. कोणी घेरला गेलेला दिसला, तर आधी ११२ ला फोन करावा. मग एकटीने न जाता आळीतल्या वडीलधाऱ्या बायकांना हाक मारून मिळून पुढे व्हावे. जत्रा, उरूस, पालखी असली की बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या आहेत ना, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना कोण सांभाळणार, हे आदल्या दिवशी ठरवावे.

घरचे म्हणतील, बायकांनी यात कशाला पडावे? पण जमावात उभी असतात ती आपलीच मुले. मरणाऱ्याचे घर उजाड होते, आणि मारणाऱ्याची आईही जन्मभर तुरुंगाच्या दाराशी खेटे घालते. परक्या पोलिसाचे न ऐकणारा मुलगा आईच्या, मावशीच्या हाकेला थबकण्याचा संभव आहे. ती हाक वेळेवर गेली पाहिजे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक आळीतून दोन नावे ठरवून आणावीत, एवढी विनंती करते.