जबडा काढल्यानंतर : वार्षिक सभेतील भाषण



खालचा जबडा हे चेहऱ्यातील सर्वांत मोठे व मजबूत हाड. दोन्ही कानांपुढील सांध्यांत ते हलते, म्हणून आपण चावतो आणि स्पष्ट बोलतो. त्यातील नलिकेतून खालच्या दातांची व ओठाची संवेदना वाहणारा मज्जातंतू जातो. आम्ही वाणिज्य शाखेचे. हे सारे शल्यचिकित्सकांकडून शिकलो.

शिकावे लागले, कारण तंबाखू. बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आपले परंडा व भूम हे तालुकेही आहेत. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. टपरीवरचे चित्र आपण जाणताच.

गाठीबरोबर जबड्याचा भाग काढावा लागला, की हनुवटी एका बाजूस सरकते, लाळ गळते, घास चावत नाही. केवळ टायटॅनियमची पट्टी बसविल्यास ती कालांतराने मोडू शकते किंवा त्वचेबाहेर येऊ शकते. म्हणून नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या आकारात बसवितात. १९८९ नंतर ही पद्धत रूढ झाली. शरीराचा भार मुख्यत्वे नडगीच पेलते, त्यामुळे रुग्ण पुन्हा चालतो. पुढे त्या हाडात टायटॅनियमचे रोपण करतात. ते रुजण्यास काही महिने लागतात आणि मग दात.

येथेच कुटुंबे थांबतात. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढणाऱ्यांना दात ही चैन वाटते. आमच्या मते भाकरी चावता येणे ही चैन नव्हे. देणग्या बहुधा इमारतीच्या व यंत्रांच्या नावे येतात, कारण तेथे नामफलक लागतो. जबड्यावर तो लावता येत नाही. तरीही या अखेरच्या टप्प्यासाठी स्वतंत्र निधी उघडावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत.