खुडूक कोंबडी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला आज बोलायला उभे केले आहे ते कोंबडीवर. चिटणीसबाईंनी विषय सांगितला तेव्हा मी म्हटले, "अहो, मागच्या महिन्यात बँकेच्या बाईंनी बचतीवर बोलून गेल्या, त्याच जागी मी कोंबडीवर बोलू?" तर त्या म्हणाल्या, "बचतीचं ऐकून आम्ही विसरलो. तुमच्या कोंबडीची चौकशी मात्र सारी गल्ली करते आहे." तेव्हा ऐका.

आमची कोंबडी गावरान, रंगाने तांबडी, म्हणून नातीने नाव ठेवले तांबू. अकोल्याच्या बाजूला माझे माहेर आहे, तिथून पिल्लू असताना पिशवीत घालून मी तिला संगमनेरास आणली. बरोबर एक कोंबडाही आणला होता. पण तो पहाटे चारपासून बांग देई, आणि शेजारच्या काकांना रात्रभर झोप नसे ती नेमकी चारला लागे. चार महिन्यांत कोंबड्याची माहेरी पाठवणी करावी लागली. तांबू एकटी राहिली. नात शाळेतून आली की पायात पायात घोटाळे, तिच्या ताटातली भाकरी खाई. थोडक्यात, घरातलेच माणूस झाले.

गावरान कोंबडी काही रोज अंडे देत नाही. १२-१५ अंडी घालते आणि मग खुडूक होते. आपण माणसालाही म्हणतोच ना, "काय खुडूक होऊन बसलायस!" (आमच्या घरात हे कोणाला म्हणतात ते सांगत नाही.) पण कोंबडीचे ते बसणे आळसाचे नव्हे. तिच्या मेंदूच्या तळाशी जी पीयूषिका ग्रंथी असते तिच्यातून एक रस रक्तात उतरतो, प्रोलॅक्टिन त्याचे नाव, आणि तो वाढला की अंडी घालणे बंद पडते, छातीपोटाची पिसे गळून कातडी उघडी व गरम होते, आणि कोंबडीला बसण्यावाचून दुसरे सुचत नाही. जवळ गेलात तर पिसे फुलवून अंगावर येते. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, घाण करते, की पुन्हा धावत जागेवर. २१ दिवसांनी पिल्ले निघाली म्हणजे तिची सुटका.

आणि पिल्ले निघालीच नाहीत तर? तिथेच माझी चूक झाली.

गेल्या चैत्रात तांबू खुडूक झाली. नातीने हट्ट धरला की हिला पिल्ले हवीत. मी घरातलीच तिची ७ अंडी टोपलीत भुसा घालून तिच्याखाली ठेवली. कोंबडा जाऊन चार महिने झाले होते! कोंबडा गेल्यावर फार तर दोन-तीन आठवडे अंडी फळतात, पुढे ती नुसती खाण्यापुरती. लहानपणापासून कोंबड्या पाहिलेल्या मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण म्हटले, पोरीचे मन राखावे, बसेल आणि कंटाळून उठेल.

नात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारी. २१ फुल्या झाल्या. बावीस झाल्या. सव्विसाव्या दिवशी एक अंडे फुटले आणि त्या वासाने आम्ही सारे अंगणात. मी अंडी उचलून टाकून दिली. तर ही रिकाम्या टोपलीतच बसली. टोपली काढली, तर कोपऱ्यातल्या मोकळ्या फरशीवर बसली! बाहेर वैशाखाचे ऊन, घराचे पत्रे तापलेले, आणि ही चोच उघडून धापा टाकते आहे पण उठत नाही. अंगावर उवा झालेल्या. तुरा पांढुरका पडला. हातात घेतली तर पिसांचे गाठोडे उचलल्यासारखी हलकी लागली, छातीचे हाड बोटाला टोचे. नातीने विचारले, "आजी, हिची पिल्लं कधी येणार?" तेव्हा मला खरे सांगावे लागले. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग उपाय सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हौदात बुडव, पोटाची ऊब गेली की उठेल." बुडवली. ओलीचिंब होऊन पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. शेजारणीने नाकपुडीतून पीस ओवण्याचा उपाय सांगितला. तो आपल्याकडे पुष्कळ घरी करतात, मीही केला. तिने मान झटकली, शिंकली, नाकातून जरासे रक्त आले. खोटे कशाला बोलू, त्या रात्री मला जेवण गेले नाही. बायांनो, हे पीस घालणे करू नका. जखम होते, ती चिघळते, आणि खुडूकपणाचे मूळ नाकात नाहीच. बुडवण्यानेही आधीच अशक्त झालेल्या पाखराला गारठा भरण्याचीच भीती अधिक.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी समजावून सांगितले की तिच्या उघड्या पोटाला टोपलीचा, भुशाचा, अंड्याचा स्पर्श होत राहतो तोवर तो रस कमी होत नाही. म्हणून पोटाखाली वारा खेळला पाहिजे आणि बसायला मऊ, अंधारी, उबदार जागा मिळता कामा नये. एवढेच. आता आपल्या तालुक्यात टोमॅटोचे कॅरेट कोणाच्या घरी नाही? एक कॅरेट चार विटांवर ठेवायचे, म्हणजे तळाच्या जाळीतून वारा येतो. आत काही अंथरायचे नाही. कोंबडी ठेवून वरून दुसरे कॅरेट पालथे घालून सुतळीने बांधायचे. सावलीत, पण उजेडात ठेवायचे. आत पाण्याची वाटी आणि बाजरी हवीच. उपाशी ठेवायचे नाही. उपास तिने आधीच पुष्कळ केलेला असतो. उवांसाठी औषध विचारून घ्यावे, आणि सुटल्यावर अंगणात राख व माती मोकळी ठेवावी, ती आपली आपण लोळून घेते. तीन-चार दिवसांनी सोडून पाहायची. सरळ जुन्या कोपऱ्याकडे पळाली तर पुन्हा आत.

तांबूला सहा दिवस लागले, कारण मी फार उशीर केला होता. सातव्या दिवशी ती अंगणात माती उकरताना दिसली. तीन आठवड्यांनी अंडे घातले.

एक बाई म्हणाल्या, "शेडमधल्या पांढऱ्या कोंबड्या कशा खुडूक होत नाहीत?" त्या लेगहॉर्न जातीच्या, मूळच्या इटलीकडच्या. यंत्राने अंडी उबवू लागल्यावर बसणाऱ्या कोंबडीची गरजच उरली नाही. न बसणाऱ्याच निवडून त्यांची वंशावळ वाढवली, तसा तो गुण पिढ्यान्पिढ्या मावळत गेला. इजिप्तमध्ये तर दोन हजार वर्षांपूर्वीही मातीच्या भट्ट्यांतून अंडी उबवीत. पण भट्टीला पिल्लांना पंखाखाली घेता येत नाही, आणि घारीवर धावून जाता येत नाही. आमच्या माहेरी खुडूक कोंबडी शेजारीपाजारी मागून नेतात.

तांबूचा स्वभाव काही बदलला नाही. श्रावणात पुन्हा खुडूक. या वेळी रात्रीही टोपलीतच राहिली हे पाहताच सकाळी कॅरेटात घातली. दोन दिवसांत मोकळी. मार्गशीर्षात मात्र मी माहेरून, कोंबडा असलेल्या घरची ९ अंडी आणवली. सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडावर धरून पाहिली. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले ती ठेवली, दोन कोरी होती ती काढली. एकविसाव्या दिवशी ७ पिल्ले निघाली. नात त्या दिवशी शाळेत गेली नाही, आणि मी तिला पाठवलेही नाही.

आता ती पुन्हा खुडूक झाली आहे. आज कॅरेटातला तिसरा दिवस. तेव्हा अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर मी चहाला थांबत नाही. दिवेलागणीच्या आत तिला सोडून, कुठे जाते ते पाहायचे आहे.