जुन्या बाजारांतील खरेदी
(नभोवाणीवरील भाषण)

जुनें तें सोनें असें म्हणणारांपैकीं फार थोड्यांनीं शिसवी कपाट तीन जिने चढवून नेलेलें असतें. तरीही शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा ओढा जुन्या सामानाकडे पुन्हां वळूं लागला आहे, आणि त्याला नुसती हौस हेंच कारण नाहीं. आजकालचें पुष्कळसें नवें सामान लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचें असतें. त्यावर पाणी सांडलें कीं फळी फुगते, आणि एकदां स्क्रू सैल झाला कीं तो त्या भोंकांत पुन्हां धरत नाहीं. उलट साठसत्तर वर्षांपूर्वींचें सागवानी टेबल एखाद्या बऱ्या सुताराच्या हातीं दिलें, तर तें आणखी दोन पिढ्या नांदतें. प्रश्न इतकाच कीं, असें टेबल मिळतें कोठें, आणि मिळालें तर तें खरोखरीच तसें आहे हें ओळखावें कसें?

मुंबईंत या प्रश्नाचें पहिलें उत्तर म्हणजे चोरबाजार. भेंडीबाजाराला लागून असलेली मटन स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या मिळून हा बाजार होतो. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनावरून तेथें पायीं जातां येतें. मूळ शब्द 'शोर बाजार', म्हणजे गलबल्याचा बाजार, असा होता आणि साहेबाच्या तोंडीं त्याचा 'चोर' झाला, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, व्यापाऱ्यांना ती सोयीची आहे. शुक्रवारीं पक्कीं दुकानें बहुधा बंद असतात आणि त्याच दिवशीं रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. या दोहोंतील भेद नवख्या गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावा. दुकानांत हंड्या, झुंबरें, घड्याळें, जहाजांवरील दिवे असें निवडून मांडलेलें सामान असतें, आणि भावही निवडूनच सांगितलेला असतो. शुक्रवारच्या रस्त्यावर मात्र तुटक्या पंख्याशेजारीं एखादी उत्तम चिनी बशी पडलेली असते. ती उचलण्यासाठीं भल्या सकाळींच जावें लागतें.

मोठें लाकडी सामान हवें असेल, तर जोगेश्वरीच्या पश्चिमेस ओशिवरा येथील वखारी पाहाव्या. तेथें पलंग, कपाटें, खांब, दरवाजे यांच्या अक्षरशः राशी असतात, आणि चित्रपटांच्या नेपथ्यासाठींही तेथून सामान भाड्यानें जातें. पुण्यास मंगळवार पेठेंतील जुना बाजार रविवारीं आणि बुधवारीं भरतो. तो हत्यारें, कुलुपें, नाणीं आणि भांडीं यांसाठीं चांगला. कपाटाच्या आशेनें तेथें जाऊं नये. गुजराथेंत अलंग येथें १९८३ पासून जहाजें मोडण्याचा धंदा चालूं आहे, आणि जहाजांवरील कपबशा, आरसे, खुर्च्या तेथील रस्त्याकडेच्या दुकानांतून मिळतात. कलकत्त्याच्या रसेल स्ट्रीटवरील १९४० पासूनचें लिलावघर ही आणखी एक पाहण्यासारखी जागा. पण मुंबईकराला तेथून कपाट आणणें म्हणजे कपाटापेक्षां भाडें मोठें असा प्रकार होईल.

लाकडी सामान पाहतांना आधीं दर्शनी बाजू पाहूंच नये. दर्शनी बाजू पॉलिश करणाराची असते; सुताराची बाजू पाठीमागची. कपाट भिंतीपासून पुढें ओढवून घ्यावें, खण पुरे बाहेर काढावेत आणि उलटे करून त्यांचा तळ पाहावा. जुन्या कामांत खणांचे कोपरे एकमेकांत गुंतलेल्या दातांनीं जोडलेले असतात, आणि ते दात हातानें कापलेले असल्यामुळें तंतोतंत सारखे नसतात. पाठीला प्लायवूड मारलेलें असेल, तर निदान तेवढा भाग तरी मागाहूनचा समजावा. खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या झिजलेल्या असल्याच पाहिजेत; शंभर वर्षांचें म्हणून सांगितलेल्या टेबलाच्या पट्ट्या कोऱ्या असतील, तर एक तर टेबल खोटें किंवा पट्ट्या बदललेल्या. पायांशीं व फटींत पिठासारखी पूड पडलेली दिसली, तर आंत भुंगा अजून जागा आहे, आणि असें सामान घरांत आणणें म्हणजे चांगल्या सामानालाही त्याची लागण देणें होय. वाळवीनें खाल्लेल्या भागावर बोटानें ठोकलें कीं पोकळ आवाज येतो. सैल सांधा, उडालेलें पॉलिश, तुटलेली वेताची बैठक हे दोष मात्र भिण्यासारखे नाहींत. उलट भाव उतरवून घेण्यास तेच उपयोगी पडतात. फक्त वेत विणणारे कारागीर आतां कमी झाले आहेत, तेव्हां खुर्ची घेण्यापूर्वीं विणणारा गांठावा.

तांब्यापितळेच्या भांड्यांना वेगळी परीक्षा लागते. पुण्यास कसबा पेठेंतील तांबट आळीचें मठारकाम प्रसिद्ध आहे. हातोडीच्या ठोक्यांनीं पत्र्यावर उठविलेले ते बारीक खळगे केवळ शोभेसाठीं आहेत असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः त्या ठोक्यांनीं पत्रा टणक होतो. हातानें मठारलेल्या भांड्यावरचे खळगे ओळींत असले तरी एकसारखे नसतात. यंत्रानें दाबून काढलेल्याचे असतात. घंगाळ, बंब, हंडा असें पाण्याचें भांडें असेल, तर तें गळतें कीं काय एवढें पाहून भागतें. स्वयंपाकाचें भांडें मात्र कल्हई केल्यावांचून चुलीवर चढवूं नये. कल्हईवाला भांडें तापवून त्यांत नवसागर टाकतो, कथलाची कांडी फिरवितो आणि कापसाच्या बोळ्यानें तें कथील क्षणांत सर्वत्र पसरवितो. तो पांढरा धूर आणि मागून येणारी ती झळाळी ज्यांनीं लहानपणीं पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगणें नको. ज्या भांड्याला कथील-शिशाचा डाग देऊन सांधा जोडलेला असेल, तें खाण्यापिण्याच्या कामीं लावूं नये. लोणच्याच्या जुन्या बरणीला टिचकी मारून पाहावी. बद्द आवाज आला तर तिला चीर आहे, आणि चिरेंत मुरलेलें कोणाचें तरी जुनें तेल कितीही धुतलें तरी निघत नाहीं.

आतां बनावट मालाविषयीं. चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन पाहून पुष्कळांचें भान हरपतें, आणि म्हणूनच तो नव्यानें तयार होतो. एका यंत्राची पेटी, दुसऱ्याचा हात आणि काल घडविलेला कर्णा असा संसार मांडून त्यावर कुत्र्याचें चित्र चिकटविलें जातें. तो शोभेसाठीं घ्यावयाचा असेल तर शोभेच्या भावानें खुशाल घ्यावा. तशीच गोष्ट रविवर्म्याच्या चित्रांची. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछाप चित्रांचा कारखाना काढला, आणि तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरीं लागल्या. आज त्यांच्या नव्या छापील नकला चहाच्या पाण्यांत बुडवून पिवळ्या करतात. भिंगांतून पाहिलें असतां आधुनिक छपाईंत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. जुन्या शिळाछापांत ठिपके असतात, पण ते अनियमित, हाताचे. दहावीस रुपयांचें भिंग खिशांत असलें, तर हजारों रुपये वांचतात.

दृष्टि तयार करण्यास पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखी दुसरी जागा नाहीं. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरांतील भांडीं असें इतरांनीं माळ्यावर टाकलेलें सामान जमविलें, आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्या संग्रहाला दिलें. तेथें एक दिवस घालवून मग बाजारांत जाणाराला खरा अडकित्ता आणि काल ओतलेला अडकित्ता यांतील फरक दुकानदारानें सांगावा लागत नाहीं.

एका बाबतींत मात्र घासाघीस न करतां सरळ पाठ फिरवावी. देवळांतून गेलेल्या मूर्ति, प्रभावळी, मुखवटे बाजारांत येतात, आणि त्या कोठून आल्या हें विचारलें कीं दुकानदार 'एका जुन्या वाड्यांतून' असें सांगतो. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा १९७६ पासून अमलांत आहे. त्याप्रमाणें शंभर वर्षांवरील मूर्ति, चित्रें वगैरे ठरलेल्या वस्तूंची सरकारांत नोंदणी करावी लागते, आणि विक्रेत्याला परवाना लागतो. इतकी जुनी पुरावस्तु कोणाही खाजगी माणसाला देशाबाहेर नेतां येत नाहीं. परदेशीं राहणाऱ्या मुलासाठीं जुनी मूर्ति घेऊन ठेवणाऱ्या आईवडिलांना हें विमानतळावर कळूं नये. हस्तिदंताची डबी किंवा हस्तिदंत बसविलेली पेटी घेणें तर गुन्हाच आहे. १९८६ आणि १९९१ सालच्या दुरुस्त्यांनंतर त्याचा व्यापार पूर्णपणें बंद झाला आहे.

हें सगळें सामान बाजारांत येतें कोठून, याचा विचार घेणारा सहसा करीत नाहीं. वाडा पडतो, त्या जागीं इमारत उठते, आणि दोन खोल्यांत न मावणारें सामान आठ दिवसांत काढून टाकावयाचें असतें. लुगडीं बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या बदल्यांत स्टीलचा डबा येतो. हंडा, घंगाळ, बंब मोडीच्या भावानें वजनावर जातात; कपाट तर 'घेऊन जा म्हणजे झालें' अशा शब्दांत जातें. तोच बंब चारसहा महिन्यांनीं घासूनपुसून मटन स्ट्रीटच्या कांचेआड उभा राहतो, आणि कदाचित् त्याच घरांतील सून दिवाणखान्यांत ठेवण्यासाठीं त्याला अनेक पटींनीं दाम मोजते. घर रिकामें करणाऱ्या कुटुंबानें दोनतीन व्यापाऱ्यांना बोलावून निरनिराळे भाव ऐकले, आणि त्याआधीं भावंडांना व लेकींना एकदां बोलावून विचारलें, तर या व्यवहारांतील निम्में नुकसान टळेल. विकण्याची पाळी गरजेमुळें आलेली असेल, तर हें अधिकच जरूर. कारण गरज दिसली कीं भाव पडतो.

जुन्या भांड्यांवर पुष्कळदां नांव कोरलेलें असतें. लग्नांत आहेर आलेलें भांडें असलें, तर देणाराचें नांव आणि तारीखही असते. कांहीं दुकानदार गिऱ्हाइकाला संकोच वाटूं नये म्हणून तीं अक्षरें घासून काढतात. गिऱ्हाइकानें त्यांना तसें करूं देऊं नये. भांड्याच्या वयाचा तेवढा एकच लेखी पुरावा असतो, आणि कल्हईवाल्याकडे दहा घरांचीं भांडीं एकत्र झालीं, तर आपलें कोणतें हें त्या परक्या नांवावरूनच ओळखावें लागतें.