अंगणाची कड
कोकणात उतारावरच्या घराचं अंगण बहुधा भरावावर असतं आणि त्यापुढे जांभ्याची संरक्षक भिंत. ही भिंत माती धरते. तोल गेलेल्या माणसाला नाही. म्हणून कडेला निदान 1 मीटर उंचीचा कठडा हवा. गज उभेच लावा, आडव्या गजांवर मुलं चढतात. दोन गजांतली फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. खांब सुट्या दगडांच्या गडग्यात रोवू नका. कडेपासून आत, काँक्रीटमध्ये पक्के बसवा. पावसाळ्यापूर्वी भिंतीतली पाणी निघायची भोकं मोकळी करा, पावसात कडेचं शेवाळ खरवडत राहा, रात्री तिथं दिवा ठेवा. भिंत फुगलेली किंवा अंगणाला भेग गेलेली दिसली, तर त्या बाजूचा वावर लगेच थांबवा आणि अभियंत्याला दाखवा.