अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातांकडे बघ



नवे कॅमेरे, ड्रोन, अल्बमची छपाई यांवर दुपारच्या कार्यशाळेत भरपूर बोलणं होईल. मी आज एकच विषय घेणार आहे. आपल्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकायला येणारी मुलं आणि मुली.

गेल्या सीझनला इथं सांगलीत, विश्रामबागेतच एका कार्यालयात ऑर्डर होती. मुहूर्त बारा पस्तीसचा. दुसरा कॅमेरा मी नव्या मुलाच्या हातात दिला होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ही त्याची तिसरीच ऑर्डर. त्यानं कॅमेरा ऑटोवर ठेवला. समोर पांढराशुभ्र अंतरपाट. कॅमेऱ्यानं त्या पांढऱ्यावरून प्रकाश मोजला आणि नवरीचा चेहरा काळा पडला. अंतरपाट उतरला, अक्षता उडाल्या, हार पडले आणि त्याच्या पहिल्या चार फ्रेमा गेल्या. माझ्या कॅमेऱ्यात तो क्षण होता, म्हणून ग्राहकाचं काही बिघडलं नाही. पण पोराचा चेहरा बघवत नव्हता.

संध्याकाळी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्याच चार फ्रेमा उघडल्या. म्हटलं, मुहूर्ताआधी मॅन्युअलवर ये, नवरीच्या चेहऱ्यावरून एक्स्पोजर ठरव आणि मग हात लावू नकोस. आणि अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातांकडे बघ. अंतरपाट खाली यायच्या आधी त्यांची बोटं सैल होतात. पंधरा मिनिटं लागली. पुढच्या लग्नात त्यानं जी फ्रेम आणली, ती त्या घरच्यांनी अल्बमच्या पहिल्या पानावर घेतली. नवरी नुकतीच नजर वर करतेय, आणि अक्षता तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर, हवेतच.

ती पंधरा मिनिटं मला माझ्या शिकायच्या वयात कुणी दिली नाहीत. रोलचा जमाना, छत्तीस फोटोंचा हिशेब. दोन वर्षं मी एका स्टुडिओत झाडलोट केली, हायपोचे ट्रे धुतले, फ्लॅश धरला. व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची परवानगी नव्हती. प्रिंट करडी का आली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, बघून शीक. इथं बसलेल्या निम्म्या लोकांची हीच कहाणी आहे, मला ठाऊक आहे. आपण तसे घडलो म्हणून तीच रीत बरोबर, असं आपण धरून चाललो. ती बरोबर नाही. माझी ती दोन वर्षं वाया गेली आणि तशी दोन वर्षं दुसऱ्या कुणाची जाऊ नयेत, असं मला फार तळमळीनं वाटतं.

आपण शिकवत का नाही? भीतीपोटी. आज शिकवलं तर उद्या शेजारच्या गल्लीत बोर्ड लावील, पाच हजार कमी घेऊन आपलीच ऑर्डर नेईल. ही भीती खोटी नाही. माझ्याकडे शिकलेल्या दोघांनी आपले स्टुडिओ टाकले आणि ज्या घरची तीन लग्नं मी केली, तिथलं चौथं त्यांच्यातल्या एकाकडे गेलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पण इथून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात काय झालं ते आठवा. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा देशी कॅमेरा तयार केला, तेव्हा मदतीला शिष्य दामले होते. १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे आले आणि पडेल ते काम करत सिनेमाचं एकेक अंग शिकले. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले, सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन त्याच कोल्हापुरात त्यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. हे मी झाकून ठेवत नाही. गुरूचं नुकसान झालं. तरीही ‘प्रभात’च्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तेव्हा त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल होते. बाबूरावांनी हातचं राखून शिकवलं असतं, तर ते हात कुठून तयार झाले असते?

आपला पसारा त्या मानानं लहान, पण शिकवलेले हात आपल्याही कामी येतात. दाट तिथीला एकाच मुहूर्तावर तीन ऑर्डरी येतात. त्या दिवशी मी माझ्याकडेच शिकून गेलेल्या मुलाला फोन करतो आणि निर्धास्त असतो, कारण त्याचं काम मला माहीत आहे.

आता पैशाचं. शिकतोय ना, मग पगार कशाला, हे वाक्य मी फार ऐकलं. सकाळी सहाला हळदीला हजर झालेला मुलगा रात्री अकरापर्यंत रिसेप्शनला लाईट धरून उभा असतो, ते काम आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा विद्यावेतन, कामाचे तास, रजा सगळं सांगतो, पण सक्ती मोठ्या आस्थापनांना. आपली दोन-तीन माणसांची दुकानं त्याच्या बाहेर राहतात. म्हणून आपणच ठरवायला हवं. राज्य सरकारनं २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना धरला. तेवढं जमत नसेल तर दिवसाचा ठरलेला आकडा द्या, पेट्रोल वेगळं द्या, पण पहिल्या दिवसापासून द्या. फुकट राबायला तोच येऊ शकतो, ज्याच्या घरी दुसरी कमाई आहे. ज्याची नजर खरी तयार आहे पण घरी आईच्या मजुरीवर चूल पेटते, तो पोरगा आपल्या दारापर्यंत पोचतच नाही.

आणि शिकाऊ मुलाला वेळेवर पंगतीत बसवा. दुपारी साडेतीनला स्वयंपाकी पातेली घासायला काढतो आणि आपला मुलगा स्टँड सांभाळत उपाशी उभा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुलींबद्दल. नवरीच्या खोलीतले कितीतरी क्षण त्यांच्यामुळे मोकळेपणानं टिपता येतात, असा माझा अनुभव आहे. पण रात्री काम संपल्यावर तिला घरापर्यंत सोडणं ही स्टुडिओची जबाबदारी. ती घेता येत नसेल तर तिला रात्रीच्या ऑर्डरीवर नेऊ नका. अठराच्या आतलं पोर तर नकोच.

नावाचाही प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम वाचा. वेगळा करार नसेल, तर पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहक, आणि शिकाऊ म्हणून केलेल्या कामाचा मालक त्याला ठेवणारा. मुलाच्या हाती काही उरत नाही. वर्षभर राबून दाखवायला एक फोटो नसेल, तर त्याला पुढं काम कोण देईल? ग्राहकाच्या करारात एक ओळ घाला, त्याची परवानगी घ्या आणि मुलाला त्याचे वीस फोटो त्याच्या नावानं दाखवायची मुभा द्या.

हे सगळं मी दोन पानांवर उतरवलं आहे. मुदत सहा महिने, रक्कम, तास, आठवड्यातून एक तास फक्त फोटो बघत शिकवण्याचा, जबाबदारी कुणाची, मेमरी कार्ड कुणी कॉपी करायचं, वीस फोटोंची अट. सोप्या मराठीत लिहिलं आहे, मुलाच्या आईवडिलांना वाचता यावं म्हणून, आणि खाली त्यांच्या सहीलाही जागा ठेवली आहे. नोंदणीच्या टेबलावर गठ्ठा आहे. तुळशीचं लग्न लागलं की तिथ्या सुरू होतील. जाताना एकेक प्रत घेऊन जा.