पालकांचा निवाडा

धर्मविषयक वादाने गाजलेला एखादा ग्रंथ वा चित्रपट मुलांस खुला करावा की मज्जाव करावा, या विवंचनेत असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील पालकांनी प्रथम हे ध्यानी घ्यावे की, औंढ्याच्या देवळात शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी नर्सीच्या नामदेवांस, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे सुनावल्याची आख्यायिका, जी आज कोणी प्रथमच पडद्यावर आणली असती तर बहुधा गहजब उडाला असता, ती आपल्याकडील आज्या नातवंडांस निःशंकपणे सांगत आल्या आहेत. संत एकनाथांवरील प्रभात फिल्म कंपनीच्या १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटाचे मूळ ‘महात्मा’ हे नावही सेन्सॉरने बदलावयास लावले होते. त्यातील अस्पृश्याघरच्या भोजनाचा प्रसंग मुलांस खुशाल दाखवावा. चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने सेन्सॉरच्या दाखल्यात आलेले ७, १३ व १६ वर्षांचे टप्पे पालकांच्या मार्गदर्शनार्थ आहेत. घरातला निवाडा पालकांचाच. आठ-नऊ वर्षांच्या मुलास निंदा व चिकित्सा यांतील भेद सहसा उमगत नाही, म्हणून असे पुस्तक कडीकुलपात न घालता तूर्त वरच्या फळीवर ठेवावे, आणि पुढे त्याने मागितल्यास आधी स्वतः वाचून मग द्यावे.